शेवटचा फर्मा

कपाट ग्रामपंचायतीत होतं, जन्ममृत्यूच्या रजिस्टरांना खेटून.
किल्ली उकंडराव गुरुजींच्या करदोट्याला.
दर आखाडात उधई खालच्या कप्प्यात शिरायची
आणि कादंबऱ्या, का कोण जाणे, शेवटाकडूनच खायची.
पुस्तक देताना गुरुजी पानं मोजत,
"एकशे ब्याण्णवपर्यंत आहे. पुढचं तुमचं तुम्ही पाहा."

पुढचं मी पाहिलं.
नववीत, पऱ्हाट्यांच्या ढिगावर बसून,
एका विधवेला तीनदा बोटीत बसवून दिलं.
समुद्र पाहिला नव्हता,
म्हणून अरुणावतीच्या पुरात मीठ घातलं.

सिनेमाचंही तसंच.
जिनिंगच्या गोदामात भाड्याचा व्हिडिओ यायचा.
आम्ही सरकीच्या पोत्यांवर.
टीव्हीच्या निळ्या उजेडात रुईचा भुसा तरंगे,
सगळ्या नट्यांवर बर्फ पडे,
भर उन्हातल्या सीनमध्येसुद्धा.
आणि साडेनऊला लाइन जायची.
नेमकी. हिरोचा हात दाराच्या कडीवर असताना.

अंधारात कोणीतरी म्हणे, "मंग, पंचफुला?"
पंचफुला गेडाम. दिवसभर रेच्यावर उभी राहणारी.
तिनं तो सिनेमा पाहिलेला नसे,
हे आम्हाला ठाऊक असे, तिलाही.
"मंग काय," ती तंबाखू मळत म्हणायची,
"तो दार लोटते. तं आत कोणीच नाई.
चूल पेटेल हाय, तव्यावर भाकर हाय,
बाई नाई.
बाई गेली आपल्या कामाले.
तो भाकर उलटवते. जळू नये म्हणून.
झाला पिच्चर. उठा."

आता धायरीत, तिसऱ्या मजल्यावर राहते.
दुसऱ्यांच्या ओठांवर मराठी बसवायचं काम करते.
परदेशी नटी ओठ मिटते
आणि मी तिच्यासाठी शोधत बसते
पाऊस, परत, पोळी, पण.
बहुतेक वेळा 'पण'च बसतो.

शहराबद्दल तक्रार नाही.
रात्री अकराला दूध मिळतं.
कोणाची कोण हे न सांगता जगता येतं.
एकटी सिनेमाला गेले तर कोणी मागे वळून पाहत नाही,
हे फार आहे, हे ज्यांना आधीपासून होतं
त्यांना कळणार नाही.
फक्त, इथे सगळं शेवटपर्यंत असतं.
लाइन जात नाही.
पडद्यावर नावं सरकत असताना
लोक पार्किंगची पावती शोधतात.

मागच्या मार्चात रद्दीच्या दुकानात ती कादंबरी सापडली,
एकशे ब्याण्णवच्या पुढची पानं शाबूत.
उभ्यानंच वाचली.
विधवा दिराची माफी मागते,
लेखक तिला तुळशीपाशी नेऊन बसवतो,
संध्याकाळ होते.
चाळीस रुपये दिले. घरी आले.
ब्लेडनं दोरा कापून शेवटचा फर्मा अलगद सोडवला.
फेकवेना. ठेवायचा कुठे तेही कळेना.
अजून फ्रिजवर आहे, लाइट बिलाखाली.

तुरी सोंगायच्या दिवसांत गावी गेले.
कपाटाला नवा पिस्ता रंग, आत पंचायतीच्या खुर्च्यांची कव्हरं.
जिनिंगच्या गेटवर टणटणी.
पंचफुला ओट्यावर,
नातवाचा मोबाइल तांब्याला टेकवून सिनेमा पाहत.
"आता तर पूर्ण दिसत असेल," मी म्हटलं.
"कायचं पूर्ण! मी अर्ध्यातच बंद करतो.
पुढचं मले मालूम रायते."

मग तिनं मोबाइल पालथा घातला.
"तुह्या पुण्याचं सांग."
मी लिफ्टचं सांगितलं. ओठांचं सांगितलं.
शेजारच्या दारामागे रोज रात्री तबला वाजतो,
वाजवणारा कधी दिसला नाही,
आणि परवा मी त्या दारासमोर उभी राहिले,
घंटीवर बोट ठेवून,

इथपर्यंत आले आणि थांबले.
यापुढे अजून काही झालंच नव्हतं.

पंचफुलाचा अंगठा तळहातावर थबकला.
"मंग?"

आतून भाकर करपल्याचा वास येत होता.
दोघींपैकी कोणीच उठलं नाही.