बोट दाबल्यावर

प्रीतेश तांडेलला त्याची आई घेऊन आली,
मासळीची पाटी शेजारणीच्या भरवशावर टाकून.
तो कुशीवर झोपला, तोंड भिंतीकडे.
पाठ अशी की दारातून आडवी आत यावी,
आणि उजव्या कुल्ल्यावर लिंबाएवढी,
नाही, मोसंब्याएवढी
चकचकीत लाल गाठ.

"कशानं झालं?"
"स्क्वॉट मारताना लचक भरली, सिस्टर."
एकवीस वर्षं या ड्रेसिंग रूममध्ये काढली मी.
लचकेला भोक नसतं, बाळा.

आईनं माझ्या आधीच ओळखलं होतं.
"पापलेट घेताना काय करता तुम्ही?
बोट दाबता. मांस वर आलं तर ताजं.
काल रात्री हा झोपला तेव्हा
तसंच दाबून पाहिलं मी.
खड्डा तसाच राहिला.
आणि बोट पोळलं."

ती केसपेपरच्या रांगेत गेली, तेव्हा तो बोलला.
कोळीवाड्याच्या टोकाला जिम,
जिमच्या मागं पाण्याची टाकी,
टाकीमागं विल्सन सरांची खोली.
एक कुपी, चार पोरं,
पुढच्या महिन्यात स्पर्धा.
"पण सुई माझी स्वतःची होती,"
मान वर करून म्हणाला,
"तीच. तीन आठवडे."

कुपी त्याच्या बॅगेतच होती.
लेबलावर घोडा, तारीख खरवडलेली.
उजेडाला धरून बुचावरची भोकं मोजली.
अकरा.
आत तेल पिवळंधमक, देवघरातल्यासारखं शांत.

सबनीस मॅडमनी चीर दिली.
पू किती निघाला ते लिहीत नाही.
ट्रे बदलावा लागला.

मग रोज नऊला तो यायचा.
मी जखमेत पट्टी भरायची, आणि भरताना बोलायची,
त्याला ओरडायला दुसरं कारण असावं म्हणून.

सुई टोचली की दुखतंच, प्रीतेश.
पण ते दुखणं दोन-तीन दिवसांत ओहोटीला लागतं.
लागलं नाही, उलट चढलं,
लाली पसरली, कातडी तापली,
अंगात कणकण आली, दात वाजले,
तर विल्सन सरांना फोटो पाठवायचा नाही.
त्याच दिवशी इथं.
पिळायचं नाही. त्या गाठीवर पुन्हा टोचायचं नाही.
कधी गाठ महिन्यानंही उठते,
तोवर सुई विसरलेली असते. ती आठवायची,
आणि डॉक्टरला सांगायची, लाज घरी ठेवून.

घेऊच नकोस, हे मी म्हणणारच.
तू ऐकशील याची खात्री मला नाही.
मग निदान हात साबणानं.
बूच स्पिरिटनं, कातडी स्पिरिटनं,
आणि वाळू दे आपोआप, फुंकर कसली मारतोस!
सुई दर वेळी कोरी:
कुपीतून ओढायला एक, अंगात जायला दुसरी.
कुपी एकट्याची. सख्ख्या भावाचीही नाही.
आणि हे तेल कुणी, कुठल्या बादलीत ढवळलं
हे तुला ठाऊक नाही, मला नाही.
माझं स्पिरिट तिथवर पोचत नाही.

रक्त तपासणीला पाठवलं. त्याचं.
उरलेल्या तिघांची नावं तो सांगेना.
"दोस्ती आहे, सिस्टर."
मी पट्टी जरा जोरात भरली.

नवव्या दिवशी बाकावर दोन पोरं,
दोघंही एकाच कुल्ल्यावर बसलेली,
एक डावीकडे कललेला, एक उजवीकडे,
मध्ये प्रीतेश, छताचा पंखा निरखत.
"आणि चौथा?"
"तो म्हणतो, त्याची लचक आहे."

दारात त्याची आई उभी होती,
हातात रिकामी पाटी, पदर खोचलेला.
"कुठं राहतो तो?" तिनं विचारलं.
पोरं गप्प.
"राहू दे. जिम ठाऊक आहे मला,"
ती म्हणाली,
आणि बोटं पदराला पुसत
पायऱ्या उतरायला लागली.