हॉग्नीची मेंढी

फेरोच्या आमच्या बेटावर धुकं उतरलं
की आधी समुद्र जातो,
मग धक्का, मग चर्चचा पांढरा मनोरा,
शेवटी माझंच कुंपण.
अशाच एका सकाळी, चुलीवर दूध ठेवलं
आणि दिसली:
गेल्या हंगामात उरलेल्या सलगमांत एक मेंढी,
गाभण, ओलीचिंब, निवांत चरत,
जणू वाफा तिच्या बापाचा.

कानाची खूण पाहिली.
डाव्याला दोन काप, उजव्याचं टोक छाटलेलं.
हॉग्नीची.

अकरा वर्षं मी त्या माणसाशी बोललेली नाही.
बाबांची होडी त्यानं विकली, निम्मे पैसे आणून दिले,
निम्म्यांचं विचारलं तर खांदे उडवले,
आणि बाबांच्या दफनाला
शेवटच्या बाकावरून सगळ्यांत मोठ्यानं गायला.

मला आज्ञा ठाऊक होती.
पाळकबाईंच्या स्वयंपाकघरात पाठ केली होती,
पाय जमिनीला टेकत नव्हते त्या वयात:
वैऱ्याचं जनावर भरकटलेलं दिसलं
तर त्याच्या दारात नेऊन दे.
गाढवाचं नाव आलं तेव्हा मी हसले होते,
आमच्या बेटावर गाढव आहेच कुठे?
आणि वैरी म्हणजे जुन्या करारातले,
दाढीवाले, भाले घेतलेले.
शेजारी राहणारे नव्हेत.

देवा, मी म्हटलं,
मला काहीतरी मोठं सांग.
घर विक म्हण. परदेशी जाऊन कुष्ठरोग्यांची सेवा कर म्हण.
वर्षभर कॉफी सोडते, हवं तर आजपासून.
पण ही मेंढी
हिची वाट हिला सापडेल की.

तो काही बोलला नाही.
तो एकदाच सांगतो,
आणि मग तुमच्या सलगमांत उभा राहतो,
रवंथ करत.

मागे दूध उतू गेलं.

मी हिवाळाभर विणते, त्यामुळे एवढं कळतं:
सुटलेला टाका त्या ओळीत दिसत नाही.
वीतभर वर गेल्यावर दिसतो,
आणि मग कितीही सुबक विणलेलं असो,
उसवत खाली जावं लागतं.
अकरा वर्षं म्हणजे किती वीत
ते मी मोजलं नाही.

बूट घातले, दोरी घेतली.
मेंढी हलेना.
मेंढरं हाकेसरशी मागे येतात, ती प्रवचनात.
ओढली, ढकलली, दोनदा चिखलात बसले,
तोंडातून जे निघालं ते इथे लिहीत नाही.
शेवटी कोटाच्या खिशात पावाची शिळी कड सापडली,
तेव्हा आली.
दोन दगडी भिंती, एक ओढा, एक गंजलं फाटक.

हॉग्नीनं दार उघडलं.
रोज लांबून दिसतो, तरी दिसला नव्हता:
हात थरथरणारा,
स्वेटरच्या कोपराला मुठीएवढं भोक.
मेंढीचा कान उलटून पाहिला.
"माझीच," म्हणाला.
दार लागलं.

परतताना वाटलं, आता छातीत काहीतरी उजळेल.
पाळकबाईंनी तसं सांगितलं होतं.
काही उजळलं नाही.
मोजे ओले होते,
घरभर करपल्या दुधाचा वास.

पातेलं तीन दिवस घासत होते.

पुढच्या गुरुवारी ती परत हजर,
आता कोकरासकट.
मी कपाळाला हात लावला,
छताकडे बघून विचारलं, "पुन्हा?"
उत्तराची वाट पाहिली नाही,
ते वाफ्यातच उभं होतं, चार पायांवर.

दोरी खुंटीलाच राहू दिली.
पावाची कड घेतली,
आणि दारातून मागे फिरून
राखाडी लोकरीचा एक छोटा गुंडा, एक सुई.

कोपराबद्दल शास्त्रात काही नाही.
मी आदल्या रात्री शोधलं होतं.