पट बेचाळीस, हजर सदतीस

फोटो एकच.
तोही स्टुडिओवाला खडकी बाजारात
दुसऱ्याच कुणाच्या बारशाला आलेला, म्हणून.

आबा आणि आई, मध्ये एका पाटीएवढी जागा सोडून.
मागं फळा.
फळ्यावर शनिवारची तारीख,
इयत्ता तिसरी, पट ४२, हजर ३७,
आणि आईच्या मुंडावळ्यांआड अर्धा झाकलेला भागाकार.
रविवारची शाळा फुकट मिळाली होती.
हेडमास्तरांची अट : बाकं मोजून परत लावा
आणि फळा पुसू नका,
सोमवारी दिपोटी यायचेत.

शालनताई म्हणते, वऱ्हाडही सदतीसच होतं.
प्रल्हाद म्हणतो, छे, साठ तरी.
ती म्हणते शिरा होता,
शेजारच्या अकरा रेशनकार्डांवरची साखर गोळा करून.
तो म्हणतो लापशी, गुळाची.
आम्ही तिघंही तेव्हा नव्हतो
आणि भांडतो असे
की जणू पंगतीत वाढपी आम्हीच.
आईला विचारलं तर :
"मला कुणी खाऊ दिलं? मला काय ठाऊक."

आबांच्या मनगटावर घड्याळ आहे.
भिंग लावलं की दहा वाजून दहा मिनिटं दिसतात.
प्रल्हादनं त्यावरून मुहूर्त काढला होता,
जुनं पंचांग मिळवून, पुराव्यानिशी.
मग एका दिवाळीत मुदलियारमामा आले,
फोटो लांब धरून हसले.
"घड्याळ माझंच. पण बंद पडलेलं.
चालणारं दिलं असतं
तर मी पाळीला कसा गेलो असतो?"

मुहूर्त भोंग्यावर धरला होता.
अंतरपाटाशी भटजी थांबलेले, कान कारखान्याकडे,
भोंगा झाला, अक्षता पडल्या.
आईच्या गळ्यात दोन वाट्या,
एक सोन्याची,
दुसरी पितळेची, पुढच्या सालापर्यंत.
ते पुढचं साल माझ्या जन्मानंतर आलं.

शाळा ते खोली तीन मिनिटांची वाट.
"एवढीशी वरात?" असं आई म्हणाली नाही,
पण आबांना ते ऐकू आलं असावं,
कारण ते उगाच वळले रेल्वे फाटकाकडे,
शेला अडकलेला, त्यामुळे तीही वळली.
मागून पिपाणीवाला, एकटाच,
ठरलेल्या पैशांत हे बसत नाही असं पुटपुटत.

फाटक बंद.
दापोडीच्या पुलाकडून मालगाडी आली,
कोळसा, कोळसा, झाकलेलं काहीतरी, पुन्हा कोळसा.
धूर आईच्या हिरव्या लुगड्यावर.
गाडी गेल्यावर आबा तिच्याशी पहिल्यांदा बोलले :
"त्रेपन्न डबे."
ती खाली बघत म्हणाली, "बावन्न."

हे भांडण आम्ही पाहिलं आहे.
मीठ कमी पडलं की निघायचं,
पगार उशिरा झाला की निघायचं,
ताईच्या लग्नात, विहिणीसमोर.
बावन्न. त्रेपन्न.
आबांचा आवाज चढायचा, आईचा नाही,
पण ती एक डबाही मागं हटली नाही.

मागल्या माघात आबा गेले.
तेराव्याचं सगळं आवरलं,
भाड्याच्या सतरंज्या गुंडाळून टेम्पोत गेल्या.
आई पायरीवर बसली होती,
हातात वाटी, वाटीत न खाल्लेला भात.
लांब कुठंतरी गाडी जात होती,
खडकीचं ते फाटक आता कुठं राहिलंय.

मी म्हटलं, आत चल, गार झालंय.
ती ऐकत होती, मला नाही, गाडीला.
मग वाटी खाली ठेवून,
हिशेबाची चूक सापडल्यावर बोलतात तशी
म्हणाली,
"गार्डाचा डबा मी धरलाच नव्हता."