पान चाळीस

दांडिया बाजारातल्या दप्तरात
एसी फक्त सर्व्हरला आहे.
आम्हाला पंखा, तोही एकवर,
कागद उडतील म्हणून.

त्या वर्षी पागेच्या वह्या चालल्या होत्या.
कोणाला किती चंदी, कोणाचा नाल पडला,
कोणती घोडी कधी व्याली.
मोडीत आधी आडवी रेघ ओढतात
कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग तिला अक्षरं टांगतात.
शब्द कुठे संपला
ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं.

यंत्र समजून घ्यायला शिकलं.
आम्हीच शिकवलं, रघुवीर पागेकाकांनी आणि मी,
चार हजार पानं:
हा क, हा फ, हा नुसता शाईचा डाग.
मग ते आमच्यापेक्षा भरभर वाचू लागलं
आणि प्रत्येक शब्दाखाली लिहू लागलं
आपली खात्री किती टक्के.
काकांनी चाळीस वर्षांत असं कधी सांगितलं नव्हतं.

वही एकशे बारा, पान चाळीस.
चांदणी घोडी, वय सहा, श्रावण वद्य पंचमीस
आणि पुढचं अक्षर कसरीने खाल्लेलं.
उरली नुसती ली.
यंत्र म्हणालं, मेली. एकाहत्तर टक्के.
त्याचं तरी काय चुकलं?
त्याने वाचलेल्या पागेत
घोड्या बहुतेक मेल्याच होत्या.

दिवाळीनंतरच्या सोमवारी कुलूप काढलं
तर एकही फाइल उघडेना.
नावं बदललेली, आणि पडद्यावर
अगदी अदबीने मागितलेली खंडणी:
बहात्तर तास, आणि नाणी अशी
की मुठीत धरता येत नाहीत.
रमणभाई वॉचमन दारातच उभे.
"बेन, चोर क्यांथी पेठो?
ताळुं तो अकबंध छे."

लोखंडी कपाटात एक टेप होती,
कुठल्याच तारेला न जोडलेली.
तिच्यावरून सगळं परत आणायला नऊ दिवस गेले.
प्रत्येक फाइलीला चौसष्ट अक्षरांचा अंगठा असतो,
एक वेलांटी हलली
तर अंगठा दुसऱ्याच माणसाचा.
पहिल्या दिवशीच्या यादीशी मी ताडत बसले,
शेजारी कटिंग थंड, सेव उसळीचा पाव कडक.
सत्तावीस हजार जुळले.
एक जुळला नाही.

पान चाळीस.
चोरांनी नव्हतं केलं, ते आधीचंच:
वैशाखातली एक रात्र, पावणेबारा,
मेली खोडून
गेली.
खात्री, शंभर टक्के.
खातं पागेकाकांचं.
ज्या खात्यातून चोर आत आले तेच.
परवलीचा शब्द चांदणी,
पुढे एक दोन तीन.

कारेलीबागेत काका पापडी सोलत होते.
मी नोंदीचा कागद पुढे ठेवला.
चष्मा न लावताच म्हणाले,
"यंत्राने मारली तिला.
मी फक्त दोर सोडला."
मला रागवायचं होतं, नऊ दिवसांचं,
पण तोंडातून निघालं,
"काका, नेलीही असेल."
हातातली शेंग तशीच राहिली.
"हो," म्हणाले. "नेलीही असेल.
त्या साली बरीच जनावरं नेली."
मग पुन्हा सोलू लागले. दाणे एकीकडे,
सालं एकीकडे, आणि दोनदा
दाणे सालांत पडले.

आता पान चाळीसवर ली आहे,
तिच्याआधी एक रिकामा चौकोन.
यंत्राकडे तसा पर्यायच नव्हता,
"वाचता येत नाही" हे बटण
मला बांधून घ्यावं लागलं.
पहिल्या आठवड्यात त्याने ते
एकदाही दाबलं नाही.
काल दाबलं, दुसऱ्याच एका पानावर,
आणि मी उठून तो मूळ कागद बघून आले.
खरंच, तिथे भोक होतं.

चौकोनासकट पानाचा नवा अंगठा घेतला,
टेपवर उतरवला, कपाटाला किल्ली लावली.
काकांचं खातं बंद केलं.
ते त्यांना अजून
सांगितलेलं नाही.