दहावा

बाबांच्या वर्षाच्या कद्दिशाला नऊच जमले.
बडनेऱ्याचे दोघं, भुसावळचे पेणकर बापलेक,
नागपूरहून जीपमध्ये दाटीवाटीनं चौघं,
आणि आमचा आरोनकाका.
जिनिंगच्या क्वार्टरात खिडकीतून कापूस तरंगत आत येत होता.
"दहावा?"
आई पोह्यांत गूळ कालवत राहिली.

सात वर्षं आम्ही सांगत आलो :
हनोख इस्रायलला असतो, अश्दोदला, बंदरावर.
वच्छलामावशी विचारायची,
"तिकून पोट्टा कागद नाही धाडत काय व?"
हनोख तेव्हा मागच्या खोलीत
बंद रेडिओशी हुज्जत घालत.

कडी मीच काढली.
बडनेऱ्याचे दोघं माझ्या होणाऱ्या सासरचे,
हे ठाऊक असून काढली.

तो आला. गालाला वस्तऱ्याचा ताजा चरा,
शर्टाचं बटण एक घर चुकलेलं,
डोक्यावर बाबांची टोपी.
"ह्याला मोजायचं?"
पेणकरांनी पुस्तकातून मान न काढता विचारलं.

आरोनकाकानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली,
मलिद्याच्या ताटाशेजारी ठेवली.
"अकरा वर्षं घेतोय. नागपूरच्या मेंटलमधून.
मघाशी मला मोजलंत ना?"

कुणी बोललं नाही.
मग एकेक जण उभा राहिला.
हनोख कद्दिशात मध्येच अडखळला,
ओठ नुसते हलत राहिले,
आणि नऊ माणसं थांबली,
फाटकाशी गाडी थांबते तशी, कुरकुर न करता.

संध्याकाळी तो ओट्यावर बसला, उघड्यावर.
मावशी कुंपणापाशी थबकली.
"अगो माय, हनोख! कवा आला बापा तिकून?"

"गेलाच नव्हता," आई म्हणाली,
आणि तिच्या हातावर मलिदा ठेवला.