दीड सूत

सकाळी जॅक लावून
माझ्या फोर्डचं पुढचं डावं चाक काढलं
आणि हबवर कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा दाबला,
दोन्ही तळहातांनी, अंगाचा भार टाकून.
सहा बोल्ट, ग्रीसचे सहा ठिपके,
मधे एक मोठं काळं वर्तुळ.
चाक परत चढवलं. पुठ्ठा शेजारच्या सीटवर ठेवला,
घसरत होता म्हणून त्याला बेल्टही लावला,
आणि सलायनाहून पश्चिमेला निघाले.
साठ मैल. टायर गुळगुळीत, रस्त्यावर पातळ बर्फ,
काटा पंचेचाळीसच्या वर जाऊ दिला नाही.
मागून येणारे हॉर्न वाजवून गेले. जाऊ देत.

डुएन कोपेकीच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली,
चार चाकं. अ‍ॅल्युमिनियमची, टायरांसकट,
रबराची बारीक लव अजून झडलेली नव्हती.
दोनशे चाळीस डॉलर, चारी मिळून.
"तुझा ट्रक सहा बोल्टचा ना?" तो म्हणाला,
"ही पण सहाची. सहा म्हणजे सहा."

मी इस्लामपूरच्या आयटीआयची टर्नर.
वर्गात एकवीस मुलगे आणि मी.
गावडे सर लेथवर फूटपट्टी आपटून सांगायचे,
सुताने चुकलेला जॉब
शेवटी मणाने भंगारात जातो.
सुतावरून स्वर्ग गाठणारे पुढे पुष्कळ भेटले.
एकाशी तर लग्नही केलं.
मी आपली सुताशीच अडून राहिले.

पुठ्ठा चाकावर ठेवला.
एक ठिपका भोकावर बरोब्बर बसला.
मग समोरचा पाहिला.
सरकलेला.
फार नाही, नखाची कड मावेल इतका.
तो बसवला, तर पहिला सरकला.
डुएन वाकून बघत होता, तोंडातून वाफ.
टेप लावली, भोकाच्या मध्यापासून समोरच्या मध्यापर्यंत:
एकशे एकोणचाळीस, वर सात दशांश.
माझा एकशे पस्तीस.
पावणेपाच मिलीमीटर म्हणजे
आमच्या भाषेत दीड सूत.
आणि मधलं भोक तर इतकं लहान
की माझा हब त्यातून गेलाच नसता.
"शेवरलेची आहेत ही," मी म्हटलं.

तो काहीच बोलला नाही.
एका टायरवर बसला, टोपी काढली,
टोपीच्या आत पाहिलं, परत घातली.
"माझी पण फोर्डच आहे," म्हणाला.
दोन वर्षांपूर्वी हेज गावातून आणली होती,
ज्याने विकली तोही म्हणाला होता, सहा म्हणजे सहा.
आख्खा शनिवार ठोकत बसलो.
हातोडा, तेल, शिव्या.
बसेनात.
"मला वाटलं माझाच ट्रक वाकडा आहे."

मग हसलो आम्ही. आधी तो, बराच वेळाने मी.
फसवत होतास का, हे विचारायचं राहिलं.
त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

खिशातला खडू काढून चारी रिमांवर
माप लिहिलं, ठळक, आणि खाली: शेवरले.
पहिल्या रिमवर आकडे सवयीने देवनागरीत पडले.
तो पुसायला निघाला, मग थांबला,
म्हणाला, राहू दे, यातला नऊ छान दिसतो.

परतताना मागचा हौदा रिकामा, खडखडत.
गिऱ्हाइकाला द्यायचं काही नाही म्हणून
त्याने बळेच दिलेली बीटच्या लोणच्याची बरणी
आता सीटबेल्टमध्ये. पुठ्ठा तिच्याखाली, पालथा.
मागच्या बाजूला पोरांसाठी छापलेला चक्रव्यूह:
उंदराला चीजपर्यंत पोचवा.
माझ्या मुलाने पेन्सिलने अर्धा सोडवलेला.
रेघ तीनदा वळते, एकदा मागे फिरते
आणि चौथ्या बोल्टने पाडलेल्या भोकात
थांबते.