पहिला फोन

माझ्या वहीत पाऊस नाही, पीक नाही.
माझ्या वहीत कूलर आहेत.
कुणाचा पंप गेला, कुणाची मोटर जळाली,
कुणाच्या ताट्यांत उंदरीण व्याली,
आणि दर सालच्या पहिल्या पानावर, तांबड्या शाईनं,
त्या साली पहिला फोन कधी आला ते.

धंदा लावला तेव्हा रामनवमी होती.
मग पाडवा.
मग होळीची राख गरम असतानाच.
एकदा सहज वही उलटी चाळली
तेव्हा दिसलं, तारीख मागे मागे सरकते आहे,
दुपारची सावली भिंतीत घुसते तशी.
औंदा फोन आला शिवरात्रीच्या आधी.
अंगावर स्वेटर होता माझ्या
आणि पलीकडून ऋषी नन्नावरे विचारत होता,
"ताट्या आल्या का गा?"

लोकांना वाटतं मला ठाऊक असतं.
पानठेल्यावर गाडी थांबली की,
"का गा कूलरवाल्या, औंदा कितीवर जाईल?"
जसा मी पारा खिशात घेऊन हिंडतो.
मी म्हणतो, सत्तेचाळीस.
हसतात.
मग कुणीच हसत नाही.
आशाताईला वरून कागद आलाय,
अकरा ते चार बाहेर पडू नका.
रोजगार हमीच्या बाया तो वाचून घेतात,
डोक्याला दुपट्टा गुंडाळतात
आणि अकराला बाहेर पडतात.
मोह यंदा लवकर टपकला, म्हणे,
अर्धा तर झाडावरच सुकला.
म्हणे, म्हणे. रोज नवं काही म्हणे.

फुलझेलाबाईकडे मे महिन्यात तीनदा गेलो.
सून पोटुशी, आठवा महिना.
आधी ताट्या बदलल्या.
मग पंप, मग कंडेन्सर,
पात्यांवरची चार वर्षांची धूळ खरवडली.
तिसऱ्यांदा म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी,
"पैसे त घेतले ना गा?
मंग थंड काऊन नाई होत?"

पाणी पाहिलं, धार पाहिली, वायर पाहिली.
सगळं नीट.
बाहेर आभाळ भरलेलं, तीन दिवस झाले,
पडत नाही, उघडत नाही.
सदरा पाठीला चिकटला होता, सुटत नव्हता.
तेव्हा कळलं.
कोरडी झळ असती तर माझा कूलर जिंकला असता.
झळ आमची जुनी वैरीण,
तिच्याशी कसं भांडायचं ते या गवताला ठाऊक आहे.
पण ही हवा भिजूनच येते,
ओल्या फडक्यानं ओलं अंग पुसावं तशी.

आता हे कसं सांगावं?
पंप मिळतो, बेअरिंग मिळते नागभीडला,
हवा कोणत्या दुकानात मागू?
मागे खाटेवर सून, एका कुशीवर,
सुपानं वारा घेत होती,
आधी पोटाला, मग तोंडाला.

काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून
मी टाकीत हात घातला.
कोपऱ्यात एक बेडूक.
बाहेर काढला तर तळहातावर बसून राहिला,
गळा तेवढा हलत होता.
फुलझेलाबाईनं वाकून पाहिलं.
बराच वेळ.
"राहू दे त्याले अंदर," ती म्हणाली,
"कोणाले त थंड वाटू दे."

पैसे मी घेतले नाहीत, तिनंही आग्रह केला नाही.
गाडीला किक मारली तर मागून सून बोलली,
पहिल्यांदाच बोलली,
"भाऊ, जूनमदी कमी होईल ना जी?"
मी होय म्हणालो.
तारीख तिलाच ठाऊक होती, मला नाही.

रात्री लाईन गेली. मोबाईलच्या उजेडात वही उघडली.
नाव लिहिलं, दिवस लिहिला.
बिघाडाच्या रकान्यात पेन टेकवून इतका वेळ बसलो
की शाईचा ठिपका पसरला.
त्याच ठिपक्याला लागून लिहिलं, हवा.
मजुरीत रेघ ओढली.

तेवढ्यात फोन वाजला.
पलीकडचा काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.
तीन वेळा वाजू दिला,
मग उचलला.